जांभ्याचं श्रेय

आमच्या औद्योगिक रसायनशास्त्र विभागात ते यंत्र आलं आणि आठवड्याच्या आत पोरांनी त्याचं बारसं करून टाकलं. कागदोपत्री ते 'स्वायत्त प्रयोगमंच' होतं. पोरं त्याला जावई म्हणू लागली. कारण उघड होतं. त्याला स्वतंत्र खोली, खोलीला वातानुकूलन, पाणी तीनदा गाळलेलं, वीज गेली तर आधी त्याची सोय, आणि त्याच्या खोलीत मोठ्याने बोलायची कुणाची टाप नव्हती. मी इक्बाल मुकादम, या विभागाचा प्रमुख, कित्येक वर्षं एका कुरकुरणाऱ्या पंख्याखाली बसून पेपर तपासतोय. पण जावयाचा थाट वेगळा असतो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

जावई करायचा काय? जवळपास सगळंच. तुम्ही त्याला फक्त प्रश्न द्यायचा. मग तो जगभरातले शोधनिबंध वाचायचा, काय करून पाहावं ते ठरवायचा, दोन पोलादी हातांनी वजन करायचा, मिसळायचा, तापवायचा, जे तयार झालं ते तपासायचा, आणि त्यातून शिकून पुढचा प्रयोग स्वतःच मांडायचा. एम. एस्सी.चा विद्यार्थी दोन वर्षांत जेवढं करायचा तेवढं जावई गणपती बसल्यावर सुरू करून विसर्जनाच्या आत हातावर ठेवायचा.

त्यामुळे जग सोपं झालं, आणि थोडं भाबडंही झालं. जावयाच्या जातीच्या यंत्राने एखादी प्रक्रिया पुनःपुन्हा करून दाखवली, की तिच्यावर 'यंत्रसिद्ध' असा शिक्का बसायचा. तो शिक्का बघून कंपन्या थेट कारखाना उभारायला घ्यायच्या. पूर्वी चंबूतून पिंपात आणि पिंपातून कारखान्यात जायला पाच-सात वर्षं लागत. मधे माणसं ओरडायची, भांडायची, एकमेकांचे आकडे खोटे पाडायची. ते सगळं संपलं. माझ्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना कंडेन्सरमध्ये पाणी खालून सोडायचं की वरून, असं विचारलं तर ती आढ्याकडे बघायची.

एकटी तनिष्का चोगले आढ्याकडे बघत नसे. हर्णै बंदरातली मुलगी. तिची आई वनिता म्हावरं विकते आणि तिथल्या महिला गटाची अध्यक्ष आहे. तनिष्काने जावयाला जो प्रश्न दिला तो आईच्याच अंगणातला होता. मासेमारीची फाटकी जाळी बंदरात ढिगाने पडून असतात. ती भंगारात जातात नाहीतर पुन्हा समुद्रात. त्या जाळ्यांचं करायचं काय?

जाळं नायलॉनचं असतं. नायलॉन म्हणजे एकाच जातीच्या मण्यांची लांबच लांब माळ. त्या मण्याचं नाव कॅप्रोलॅक्टम. माळ सोडवून मणी सुटे करता आले तर त्यांची पुन्हा नवी माळ ओवता येते, अगदी नव्या जाळ्याच्या तोडीची. अडचण एवढीच, की ही गाठ भयंकर घट्ट. ती सोडवायला एकतर प्रचंड उष्णता लागते नाहीतर महागड्या धातूचा उत्प्रेरक. उत्प्रेरक म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ समजा. काम करून देतो आणि स्वतः नामानिराळा राहतो. इथे त्याने काडीमोड जमवायचा होता, इतकंच. तनिष्काने विचारलं, आमच्या कोकणातला जांभा दगड चालेल का? त्यात लोखंड आहे, ॲल्युमिनियम आहे, आणि तो पायाखाली फुकट पडलाय.

मी हसलो होतो. जावई हसला नाही. दिवाळीच्या सुमारास त्याने उत्तर दिलं: भाजून कुटलेला जांभा चालतो, बेताच्या उष्णतेत चालतो, आणि शंभरातले नव्वद मणी सुटे होतात. त्याने ते पुनःपुन्हा करून दाखवलं. शिक्का बसला. पुण्याच्या एका कंपनीचा तरुण अधिकारी, धारप त्याचं नाव, दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन हजर झाला. मी तनिष्काच्या पाठीवर हात ठेवला. आमच्यासारख्या आडगावच्या विभागातून असं काही निघालं नव्हतं कधी.

त्यानंतर सगळं भराभर घडलं. कारखाना बंदराजवळच हवा होता, म्हणजे जाळी वाहून न्यायला नकोत. जागा नव्हती. वनिताताईंनी गटाच्या बायकांना जमवलं आणि त्यांची बोंबील सुकवायची वाळवण देऊ केली. वाळवण म्हणजे त्या बायकांचं शेत. तिथल्या बांबूंवर वाळलेल्या बोंबलावर त्यांचा पावसाळा निघतो. कुणी कुरकुर केली तर वनिताताई म्हणायच्या, "माझ्या पोरीनं काढलंय ते. माझ्या शब्दावर द्या." बायकांनी शब्दावर दिली. फाटकी जाळी भंगारवाल्याला द्यायची बंद करून वनिताताईंच्या शेडमध्ये आणून टाकायला लागल्या. करार शिमग्याच्या आधी व्हायचा होता, आणि करार झाला की लगेच वाळवण खणायला घेणार होते.

करार दोन दिवसांवर आला तेव्हा वनिताताई आमच्या विभागात आल्या. जरीकाठी लुगडं, अंबाड्यात अबोली, हातात सुकटीची पिशवी. ती पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "सर, मला ते बघू द्या. पोरगी सांगते मशीन करतंय. मशीनला काय, टीव्ही पन दाखवतोय कायबी. हिच्या हातानं करून दाखवू द्या."

तनिष्का खूश झाली. तिने बाकावर तेलाचं भांडं मांडलं, त्यात चंबू, चंबूत आईने आणलेल्या जाळ्याचा तुकडा आणि जांभ्याची लाल पूड. ढवळायला मॅग्नेट लागतो. पांढऱ्या गुळगुळीत प्लास्टिकच्या आवरणातला कॅप्सूलएवढा लोहचुंबक असतो तो. चंबूत टाकायचा, खालची तबकडी फिरवली की आत तो फिरतो. तनिष्काने कपाट उघडून नव्या मॅग्नेटची डबी काढली. पाहुणे आले की आपण कपाटातले नवे कप काढतो, तसंच.

भांडं तापलं. मॅग्नेट फिरत राहिला. वनिताताई स्टुलावर बसून टक लावून बघत होत्या. मधे चहा झाला. गावातल्या लग्नांच्या गप्पा झाल्या. जाळ्याचा तुकडा वितळून लालसर पाक झाला, पण पुढे काही होईना. खरं तर वाफ निघून दुसऱ्या भांड्यात पांढरे स्फटिक जमायला हवे होते. भांडं कोरडं ठणठणीत.

"आमचं जाळं चिवट हाय गो," वनिताताई हसून म्हणाल्या. "माशाला सोडत नाय, तुला काय सोडतंय!"

तनिष्काही हसली, पण मला तिचे कान लाल झालेले दिसले. आई बसने परत गेल्यावर ती पुन्हा बाकाशी आली आणि तिने सगळं पुन्हा मांडलं. मी म्हटलं, हात बसलेला नाही तुझा, होतं असं. तिने मान हलवली आणि काम चालू ठेवलं. मग जावयाच्या बरणीतला जांभा घेतला, तेच. जावयाचा नायट्रोजन लावला, तेच. जावयाने वापरलेल्याच गठ्ठ्यातलं जाळं घेतलं, तरी तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर ती जावयाच्या खोलीत, तो ज्यातून सामान उचलतो त्या तबकाकडे बघत उभी होती.

"सर, सगळं सारखं आहे," ती म्हणाली. "फक्त मॅग्नेट वेगळा."

आमच्या विभागाची एक रीत सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. आमच्याकडे निरोप समारंभात जाणारा विद्यार्थी आपले मॅग्नेट मागच्याला देऊन जातो. अमक्याच्या मॅग्नेटने तमक्याचा निबंध छापून आला, असा त्यांचा लौकिक असतो. खंडेनवमीला त्यांची पूजा होते, हळदकुंकू लागतं. जावई आला तेव्हा त्याच्याबरोबर कंपनीने नव्या मॅग्नेटची डबी दिली होती. ती डबी बघून मी म्हटलं, नवे आहेत, ते ठेव कपाटात, आधी जुने संपव. आपल्याकडे नवी चादर कपाटात राहते आणि विरलेली अंथरली जाते, त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. तनिष्कानेही पूजा झालेले जुने मॅग्नेट मोठ्या भक्तिभावाने जावयाच्या तबकात ओतले. जावयाने आपल्या स्मृतीत लिहिलं: मॅग्नेट, नवे, न वापरलेले. तबकात काय घालतात ते त्याला कुणी विचारायला शिकवलंच नव्हतं.

"जुन्यात काय असणार?" मी विचारलं. "आम्लाने धुतो की आपण ते."

"आवरणाला चरे पडतात सर. चऱ्यात काहीही बसतं."

तिने चिमट्याने जावयाच्या तबकातला एक मॅग्नेट उचलला. पिवळट, कडेला करड्या रेघा. चंबूत जाळ्याचा तुकडा टाकला, हा मॅग्नेट टाकला, आणि जांभ्याच्या बरणीला हातही लावला नाही. थोड्या वेळाने नळीच्या टोकाशी थेंब जमला, ओघळला, आणि थंड भांड्यात पडून पांढरा झाला. मग दुसरा. मग भांड्याचा तळ स्फटिकांनी झाकला.

जांभ्याने काहीच केलेलं नव्हतं. विभागाच्या जुन्या वह्या उघडल्या तेव्हा उलगडा झाला: काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी रुथेनियम नावाच्या महागड्या धातूवर काम करत होता. तबकातले मॅग्नेट त्याच्याकडूनच पुढे आलेले, आणि त्यांच्या चऱ्यांत त्या धातूची चिमूटही नव्हे, धूळ बसली होती. तीच माळ सोडवत होती. तुम्ही म्हणाल, एवढा शहाणा जावई, त्याने जांभा न घालता करून बघितलं नाही? बघितलं की. पण तसले पडताळणीचे प्रयोग तो त्याच्या राखीव भांड्यात करतो. त्यात कारखान्यातूनच बसवून आलेला मॅग्नेट असतो, आणि त्या भांड्याचं झाकण आम्ही कधी उघडत नाही. तिथे काही घडलं नाही, म्हणून त्याने सगळं श्रेय जांभ्याला दिलं. त्याच्या परीने बरोबरच होतं ते.

मी खुर्चीत बसलो. मला राग आला होता, आणि तो नेमका कुणाचा ते कळत नव्हतं.

"रुथेनियमच घालू मग," मी म्हटलं.

"कुठल्या रूपातलं, सर? किती? तो धातू मालात उतरतो, दर वेळी थोडा. तो परत कसा मिळवायचा? कंपनी जांभा फुकट म्हणून आलीय." ती अगदी शांतपणे बोलत होती. "हे पहिल्यापासून करावं लागेल. एक वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही. आणि कारखान्यातल्या टाकीत असला मॅग्नेट नसणार. पोलादी पंखा असणार."

म्हणजे तिथे काहीही घडणार नव्हतं. मी धारपला फोन लावला. सगळं ऐकून तो मोठ्या अदबीने म्हणाला, "सर, तुमच्याविषयी आदर आहे. पण हाताने करताना चुका होतातच ना! यंत्राने शंभरदा केलंय, तुम्ही दोन-चारदा. शंका असेल तर यंत्रालाच विचारा."

विचारता आलं असतं. पण शिक्का मागे घ्यायचा तर जावयाला सगळी मालिका पुन्हा करावी लागते, आणि त्याला आठवडा लागतो. मी म्हटलं, मग करार आठवडाभर पुढे ढकला. धारप म्हणाला, खणायची यंत्रं निघालीसुद्धा. शिक्का आहे तोवर वरची मंडळी ऐकणार नाहीत, आणि उद्याची तारीख काही बदलणार नाही.

फोन ठेवला आणि मी तनिष्काला म्हटलं, "आपण सांगायचं ते सांगितलं. कंपनी आधी लहान प्रमाणावर करून बघेलच. तिथे त्यांना कळेल. तेव्हा त्यांचं ते बघून घेतील. तुझा प्रबंध सादर होईल, नोकरीचं पत्र आलंय ते मिळेल, तोवर—"

"लहान प्रमाणावर कुठे बघतील, सर?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो.

"वाळवणीवर बघतील. खणून झाल्यावर." ती चंबू धुवायला वळली. "आईने माझ्या नावावर जागा मागितलीय बायकांकडे. मी आईला काय सांगू, तेवढंच मला कळत नाहीये. बाकी सगळं कळतंय."

मला लाज वाटली. मी गाडीची किल्ली घेतली.

हर्णैला पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. खाली वाळूत बॅटरीच्या गाड्या होड्यांमधून म्हावरं आणत होत्या. वर वाळवणीत बांबूंच्या रांगांवर बोंबील लटकत होते आणि गटाच्या बायका ते उलटे करत होत्या. कडेच्या शेडचं दार लागत नव्हतं इतकी जाळी आत भरली होती: निळी, हिरवी, विटकी. वनिताताईंनी लेकीचं तोंड बघितलं आणि हातातलं काम थांबवलं.

"काय झालं गो बाय?"

तनिष्काने सांगितलं. मी मधे बोलायला लागलो तर तिने हाताने थांबवलं. मण्यांचं, माळेचं, मॅग्नेटचं, सगळं तिने आईच्या भाषेत सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आये, जांभ्यानं काय होत नाय. उद्या सही करू नको."

वनिताताईंनी हातातला बोंबील बांबूवर टाकला. मग म्हणाल्या, "मशीन खोटं बोललं?"

"मशीन नाय बोललं खोटं. मीच त्याच्या तबकात जुनं सामान घातलं."

"आनि सर?"

"नवं सामान मी जपून ठेवायला सांगितलं," मी म्हणालो.

"बरं." त्यांनी पदराने हात पुसले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता त्या लेकीच्या कानाखाली मारणार. "मी काय तोंड दाखवू या बायांना? माझ्या शब्दावर दिली त्यांनी जागा. आता तूच सांग त्यांना. मी नाय सांगनार."

त्यांनी हाक मारली. बायका बांबूंच्या रांगांतून येऊन उभ्या राहिल्या. तनिष्काने दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी तिला मधेच थांबावं लागलं, कारण रडू येत होतं, पण वाक्य तिने पुरं केलं. बायकांनी कान टवकारून ऐकलं. मग मंदाकाकू म्हणून एक पोक्त बाई होत्या, त्या म्हणाल्या, "म्हंजे आमी भंगारवाल्याला परत लावला तो उगाच! एवढी शिकून ह्येच का?" आणि तरातरा शेडकडे जाऊन त्यांनी आपलं जाळं ओढायला सुरुवात केली. ढिगाच्या तळाशी होतं. ओढता ओढता त्या बडबडत होत्या आणि कुणी त्यांना अडवलं नाही. आणखी दोघी त्यांच्यामागे गेल्या.

एक तरुण बाई, कडेवर मूल, तिने विचारलं, "पन होईल का गो कदी?"

"माहीत नाही," तनिष्का म्हणाली. "मी करत राहीन. नक्की होईल असं मी आता म्हणणार नाही."

पोरगी मान खाली घालून उभी होती. वनिताताई पुढे झाल्या. त्यांनी आधी वाळवणीकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जसं कुणी घर मोजतं. मग लेकीपाशी आल्या आणि तिच्या पाठीवर सणसणीत थाप मारली.

"रडतेस कशाला? जागा हाय ना आपली जाग्यावर? उद्या खनली असती म्हंजे?" मग वळून बायकांना म्हणाल्या, "ज्याला न्यायची त्यानं न्या जाळी. माझी ऱ्हातील. जाळी हायत ती, म्हावरं नाय. आज नाय खपली म्हनून नासत नाय."

कडेवर मूल असलेली बाई शेडच्या दाराशी गेली, मंदाकाकूंनी उपसून बाहेर टाकलेल्या ढिगातून आपलं जाळं वेगळं केलं आणि ते परत आत ढकललं.